शरीरातला काटा

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा तिच्या शेजारी गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या निकालाचा पिवळा पडलेला कागद अजून चिकटून होता. त्या कागदावर माझे नाव नाही. मी नाव दिले होते आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते खोडून आलो होतो. ज्या सरांकडे यादी होती त्यांनी कारण विचारले. कारण सांगायला तोंड उघडले आणि पहिल्याच अक्षराशी गाडी अडली. सरांना कारण समजले.

मी तोतरा आहे. वर्गातल्या मित्रांना हे सांगायची गरज नाही. हजेरीच्या वेळी त्यांनी ते रोज ऐकले आहे. प्राध्यापक नंबर पुकारतात आणि माझ्या तोंडून 'हजर' हा तीन अक्षरी शब्द निघेपर्यंत पुढचे दोन नंबर होऊन गेलेले असतात. पहिल्या वर्षी अशाने माझे बरेच दिवस गैरहजेरीत गेले. आता मी हात वर करतो. यंदाच्या अंकात पाऊस, आई, मैत्री, हुंडा या विषयांवर पुष्कळ लेख येतील आणि ते यावेतच. मी मात्र माझ्या या दुबळेपणाविषयी लिहिणार आहे; आणि मी ख्रिस्ती असल्यामुळे त्या दुबळेपणाकडे कसा पाहू लागलो, तेही लिहिणार आहे. वाचकांनी यात धर्मप्रचार शोधू नये. मला कोणाला काही पटवायचे नाही, स्वतःचा एक गुंता सोडवायचा आहे.

आमचे गाव बदनापूर तालुक्यात. वडील सालगडी, माय कापूस वेचायला जाते. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. लहानपणी माझी जीभ मोकळी व्हावी म्हणून आजीने वेखंड उगाळून मधात चाटविले. कोणी म्हणाले, पोरगं भ्यालंय. कोणी म्हणाले, डावखुऱ्याचा उजवा हात केला म्हणून असे झाले. मी डावखुरा कधीच नव्हतो. आता वाचनातून कळते की मोठ्या माणसांत शंभरामागे साधारण एक जण असा अडखळतो, पुष्कळदा ते घराण्यातून येते, आणि त्याचे मूळ भित्रेपणात नसून मेंदू व वाचा यांच्या मेळात असते. भीती नंतर येते. लोक हसतात म्हणून येते. शाळेत एका गुरुजींना माझी नक्कल छान जमत असे. सगळा वर्ग हसे, आणि खोटे का बोलू, मीही हसत असे.

आपला जालना जिल्हा हा समर्थांचा जिल्हा. घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ साली रामदासस्वामींचा जन्म झाला. शक्तीची उपासना करा, देह कमवा, मारुतीसमोर उभे राहा, ही शिकवण आमच्या गावातल्या तालमीच्या भिंतीलासुद्धा ठाऊक आहे. माझ्या वयाच्या मुलांनी जोर-बैठका काढाव्यात हे मला मान्यच आहे, आणि मीही काढतो. पण दंड कमावता येतात तशी जीभ कमावता येत नाही. मी आरशासमोर बोललो, तोंडात खडे धरून बोललो, विहिरीत डोकावून बोललो. विहिरीने माझे अडखळणे दुप्पट करून परत दिले. ज्याला बळ कमावता येते त्याच्यासाठी समर्थ आहेत. ज्याला जिवापाड धडपडूनही ते येत नाही, त्याने कोणाकडे जावे, हा माझा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मला अवचित मिळाले. आमच्या मंडळीत दर रविवारी शास्त्रपाठ वाचला जातो. एका रविवारी करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय होता. पौल हा ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा प्रचारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, शिकलेला, हट्टी, भांडखोर म्हणावा इतका आग्रही. तो लिहितो की माझ्या शरीरात एक काटा आहे. तो काढून टाक अशी देवाजवळ तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते एवढेच की माझी कृपा तुला पुरे आहे आणि तुझ्या दुबळेपणातच माझे बळ पूर्णत्वाला येते. हा काटा म्हणजे काय, ते पौल सांगत नाही. डोळ्यांचा आजार, हिवताप, फेफरे असे पंडितांनी पुष्कळ तर्क केले आहेत. मला ते न सांगणेच बरे वाटते. त्यामुळे ज्याचा त्याने आपला काटा तिथे ठेवून पाहावा. त्याच पत्रात थोडे आधी आणखी एक गोष्ट आहे, ती मला नंतर सापडली. पौलाचे विरोधक त्याला टोमणा मारीत की याची पत्रे वजनदार असतात, पण समोर आला की माणूस दुबळा आणि बोलणे टाकाऊ. हे वाचून मला काय वाटले असेल याची कल्पना करावी. ज्याचे बोलणे लोकांना टाकाऊ वाटत होते, त्याची पत्रे दोन हजार वर्षे वाचली जात आहेत!

काटा हा शब्द आमच्याकडे पुस्तकातला नाही. आमच्या शिवारात बाभळी आहेत, बोरी आहेत. पावसाळ्यात अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला की माय सुईने उकरून पाहते. नाही निघाला तर रुईचा चीक लावते. बहुतेक काटे निघतात. एखादा खोल रुततो आणि आतच राहतो, मग तिथे कुरूप होते. माझ्या वडिलांच्या उजव्या टाचेला असे कुरूप आहे. पाय टेकताना ते टाच किंचित उचलून टेकतात, आणि तशाच पावलांनी तीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात औतामागे चालले आहेत. मी एकदा म्हणालो, दवाखान्यात दाखवून कापून घेऊ. ते म्हणाले, "निघलं तर बरंच हाय. नाही निघलं तर चालता येतंय ना?" वडिलांनी बायबल वाचलेले नाही, कारण त्यांना वाचता येत नाही. पण पौलाच्या त्या अध्यायाचा अर्थ मला सांगणारे पहिले भाष्यकार तेच.

आता दुसरी गोष्ट. गेल्या वर्षी एका दाखल्यासाठी मी आणि वडील एका कचेरीत गेलो. घरात शिकलेला मी, म्हणून खिडकीपुढे मी उभा. आमच्यासारख्या घरातल्या मुलाचे शिकणे म्हणजे हेच असते. पुस्तके आपण वाचतो, पण घरच्यांना हवे असते ते साहेबापुढे बोलणारे एक तोंड. बापाची सगळी आशा त्या तोंडावर असते. खिडकीच्या आतून प्रश्न आला आणि मी अडकलो. मागे रांग. आतल्या माणसाने दोनदा विचारले, मग पुढच्याला बोलावले. मी बाजूला सरलो तेव्हा वडिलांकडे पाहायची हिंमत झाली नाही. त्यांनी माझ्या हातातला अर्ज घेतला आणि मला पिंपळाच्या पाराशी नेले. म्हणाले, "तू मला सांग, मी त्यायला सांगतो." मी सांगितले. घरातल्या माणसाशी एकट्यात बोलताना माझी जीभ इतकी अडत नाही. कोणता कागद जोडला आहे, कोणता राहिला आहे, नियम काय आहे, सगळे त्यांनी ऐकून घेतले, दोनदा घोकले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. ज्या माणसाला अर्जावरचे एक अक्षर वाचता येत नव्हते, त्याने तो अर्ज तोंडपाठ मांडला. काम त्या दिवशी झाले नाही, आठ दिवसांनी झाले, पण तो भाग वेगळा.

परतताना एस.टी.त मला मोशेची गोष्ट आठवली. जुन्या करारात देव मोशेला मिसरच्या राजापुढे जाऊन बोलायला सांगतो. मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलो होतो आणि दर वेळी वाटत असे की आता देव त्याची जीभ मोकळी करील. समुद्र दुभंगणाऱ्या देवाला एक जीभ मोकळी करणे काय अवघड? पण तो ते करीत नाही. तो भाऊ देतो. अहरोन बोलेल, तू त्याला सांग. मोशे तोतराच राहतो आणि लोक गुलामीतून बाहेर पडतात. मला वाटते या गोष्टीतला खरा चमत्कार समुद्राचा नव्हे.

ख्रिस्ती मंडळीत मला जे मिळाले तेही याच जातीचे आहे. प्रार्थनेने माझा तोतरेपणा गेला नाही. कोणी गेला म्हणून सांगितले तर माझी हजेरी ऐकायला यावे. पण उपासनेत प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात आणि त्या वेळी मी अडखळत नाही. टिळकांची भजने म्हणतानाही अडखळत नाही. याला शास्त्रीय कारण आहे हे मला ठाऊक आहे. अडखळणाऱ्या बहुतेकांना समूहात बोलताना किंवा गाताना शब्द अडत नाहीत. पण कारण ठाऊक असल्याने अनुभव लहान होत नाही. आठवड्यातून एकदा, शंभरेक माणसांच्या आवाजात माझा आवाज न अडता वाहतो. मागच्या नाताळात आमच्या पाळकांनी मला एकट्याला शास्त्रपाठ वाचायला उभे केले. मी नको म्हणत होतो, तरी केले. लूकच्या शुभवर्तमानातल्या वीस ओळी वाचायला मला किती वेळ लागला ते विचारू नये. 'बेथलेहेम' या शब्दाशी मी इतका वेळ थांबलो की मेंढपाळ चालत पोचले असते. कोणी हसले नाही, आणि कोणी कळवळून माझा शब्द पुराही करून दिला नाही. हे दुसरे पहिल्याहून अवघड असते. सगळे थांबले. त्या थांबण्यात मला जे वाटले त्याला मी बळ म्हणतो.

माझा एक मित्र राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. त्याला हे सारे मान्य नाही. तो म्हणतो, "दुबळ्याला दुबळेपणातच देव दाखवायचा, म्हणजे त्याने उठूच नये. ही हरलेल्यांची समजूत आहे." त्याचे म्हणणे मी झटकून टाकीत नाही, कारण त्यात बरेच तथ्य आहे आणि ते मी माझ्याच घराण्यात पाहू शकतो.

आमचे घराणे मूळचे मातंग समाजाचे. जालन्याच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास बघायचा तर नारायण शेषाद्री या नावापाशी जावे लागते. १८४३ साली मुंबईत या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, पुन्हा जातीत घेण्यावरून मुंबईत केवढे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांना त्यासाठी स्वजातीयांचा किती रोष सोसावा लागला, ते इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. हेच नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. दिवाण सालारजंग यांच्या काळात त्यांनी सरकारातून जमीन मिळविली आणि जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. बेथेल म्हणजे देवाचे घर. तिथे आलेले बहुतेक लोक मांग समाजाचे होते. गावाच्या शिवेबाहेरचे, दोर वळणारे, हलगी वाजविणारे. हेच शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पागोटे घालून उभे होते. माझ्या मनात न्यूयॉर्कपेक्षा बेथेलचे चित्र अधिक ठसते. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्या शेजारी एक ब्राह्मण येऊन राहिला, आणि त्या लोकांना राहायला जागा मिळाली. तिथे त्यांना 'तुम्ही दुबळे आहात, तसेच राहा' एवढेच सांगितले असते, तर बेथेल वसलेच नसते. बळ म्हणजे तिथे जमीन होती, शेजार होता, उपासनेत एका रांगेत बसणे होते. आमच्या शाखेपर्यंत त्या वेळचे शिक्षण पोचले नाही. पोचले असते तर माझ्या वडिलांची सही अंगठ्याची नसती. पण आजीच्या तोंडी 'बेथेलवाले' हा शब्द आदराने येत असे.

म्हणून मित्राला मी असे सांगतो की काटा निराळा आणि मानेवरचा पाय निराळा. काटा कोणी मारलेला नसतो, तो रुततो. निघत नसेल तर त्यासह चालायला शिकावे लागते. मानेवर जो पाय असतो तो कोणाचा तरी असतो, आणि त्याच्याविषयी पौलाचे ते वचन नाही. माझा तोतरेपणा हा काटा आहे. माझ्या वडिलांचे निरक्षर राहणे हा काटा नव्हे. ते कोणी तरी घडविले. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या यादीबाहेर ठेवले; पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले, आम्ही बाहेरच आहोत. गावातली जात मात्र बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली जात नाही, हे गावातल्या कोणालाही विचारावे. अशा गोष्टीपुढे 'देवाची कृपा पुरे आहे' असे म्हणून हात जोडून बसणे ही श्रद्धा नव्हे. आमच्याकडेही काही उपदेशक हे दोन्ही एकत्र कालवितात. गरिबी, आजार, अन्याय, सगळ्यांवर एकच वचन लावतात, रुईच्या चिकासारखे. मला ते पटत नाही आणि इथे मी मित्राच्या बाजूने आहे. पण मित्रही उलट दिशेने तीच चूक करतो. त्याला वाटते की प्रत्येक काटा म्हणजे मानेवरचा पाय. मग क्रांती झाली तरी मी तोतराच राहणार, त्याचे काय?

हा फरक नीट कळण्यासाठी मी पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचले. त्यांची विद्वत्ता, शारदासदन, केडगावचे मुक्तिसदन हे सर्व आपण शाळेत शिकतो. एक गोष्ट आपल्या धड्यात नव्हती. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने. पण त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते आणि वैद्यकीचा नाद सोडावा लागला. माणूस बोटीने समुद्र ओलांडतो, पदरी तान्ही मुलगी, नवरा वर्षापूर्वी गेलेला, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप तेच कानांमुळे हातचे जाते. मी त्यांच्या जागी असतो तर परतीची बोट धरली असती. रमाबाईंनी कान गेले म्हणून अन्याय सोसला नाही. विधवांच्या मानेवरचे पाय त्यांनी नाव घेऊन दाखविले, त्यासाठी पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या लोकांशी वैर घेतले. पण बहिरेपणाशी त्या भांडत बसल्या नाहीत. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या, बायकांना समजेल अशा मराठीत त्यांनी सगळ्या बायबलचे भाषांतर केले आणि १९२२ साली त्या वारल्या. ज्यांना लोकांचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते, त्या लोकांच्या बोलीत लिहीत होत्या! काटा कुठे आणि पाय कुठे हे या बाईंना बरोबर कळत होते. लक्ष्मीबाई टिळकांविषयीही असेच लिहिता येईल. बालपणी शाळा न पाहिलेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिले, त्याचा पहिला भाग १९३४ साली आला आणि आज आपण तो अभ्यासासाठी उघडतो. पण त्यांच्याविषयी मराठीच्या वर्गात पुष्कळ बोलले जाते, म्हणून थांबतो.

हे सर्व लिहिताना मला एक शंका छळते, ती लपवीत नाही. लिहिताना मी अडखळत नाही. तेव्हा बोलण्यातून पळ काढण्यासाठीच मी लेख लिहीत नाही ना? पौलालाही पत्रांची सोय होती. पण तो पत्र पाठवून थांबत नसे, पाठोपाठ स्वतः जाई, आणि लोकांनी ते टाकाऊ बोलणे ऐकून घेतले की नाही कोण जाणे, तो बोलत असे.

तर यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेच्या यादीत मी पुन्हा नाव दिले आहे. सरांनी या वेळी काही विचारले नाही, फक्त पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तूच लिही." वडिलांना कळविले आहे. त्यांनी निरोप पाठविला की त्या दिवशी मालकाकडे सुटी मागून येतील आणि मागच्या बाकावर बसतील. विषय अजून जाहीर व्हायचा आहे. परीक्षकांना एवढीच विनंती, की प्रत्येकाला पाच मिनिटे असा नियम असेल तर तो असू द्यावा. माझे भाषण मी तीन मिनिटांचे बसवितो आहे, उरलेली दोन मला थांबायला लागतील.